आमच्या रेडरविरुद्धची साक्ष

"मॅडम, रविवारी फायनल हाये. तेवढी खेळू द्या त्याले. सोमवारी आमीच आणून देतो."

ठाण्याच्या दारात शंकरभाऊ हात जोडून उभे होते. त्यांच्या मागे निम्मं गाव. आत लॉकअपमध्ये राकेश, आमच्या कबड्डी टीमचा रेडर, म्हणजे चढाई करणारा. सकाळी मीच त्याला अटक करून आणलं होतं. गुन्हा बलात्काराचा.

"शंकरभाऊ, हे काही लायब्ररीचं पुस्तक आहे का, सोमवारी परत करायला?" मी म्हटलं.

कोणी हसलं नाही.

मी तेव्हा त्या ठाण्यात पीएसआय होते, म्हणजे उपनिरीक्षक. तपास माझ्याकडे होता. गावाचं नाव सांगत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं, जंगलाच्या कडेचं, तालुक्याचं गाव. तिथे सिनेमा थिएटर नाही, बाग नाही. कबड्डी आहे. टीम बाहेरगावी खेळायला निघाली की बायका टेम्पोसमोर नारळ फोडायच्या. राकेश एका चढाईत तिघांना बाद करून आला, की मीसुद्धा युनिफॉर्मवर असल्याचं विसरून ओरडायचे. हे सगळं खरं. पण तक्रारही समोर होती.

तक्रार करणारी मुलगी बावीस वर्षांची. महिला टीममध्ये खेळायची. अशा गुन्ह्यात पीडितेचं नाव उघड करायचं नाही असा कायदा आहे, म्हणून इथे तिला शेवंता म्हणते. प्रॅक्टिसनंतर ती सामान ठेवायला कबड्डी मंडळाच्या खोलीत गेली. राकेश मागून आला आणि त्याने दार लावलं. पुढचं तिने मला एकदा सांगितलं, न रडता, भिंतीकडे बघत. ते मी इथे लिहिणार नाही.

गावाने दोन दिवसांत तोडगा काढला. समाजमंदिरात बैठक झाली. दोघांचं लग्न लावून द्यायचं, केस मागे घ्यायची, राकेश रविवारी खेळणार. शेवंताचे वडील हा निरोप घेऊन माझ्याकडे आले. भला माणूस, धानाची शेती करणारा. टोपी हातात चुरगाळत होते.

"मॅडम, समदे म्हणून राह्यले का मिटवून टाका म्हणून."

मी त्यांना बसवून समजावलं. काही गुन्हे आपसात मिटवता येतात. बांधाचं भांडण, शिवीगाळ. हा त्यातला नाही. यात दोन्ही बाजूंनी सह्या करून दिल्या तरी केस थांबत नाही, कारण फिर्याद तिची असली तरी केस सरकार चालवतं.

शेवंता बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, "बाबा, मले त्याच्यासंग लगन नाई करायचं. मले ग्राउंडवर जायचं हाये."

वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. "झालं मंग," म्हणाले आणि पोरीला घेऊन घरी गेले. त्यानंतर तो माणूस कधी डगमगला नाही.

अडचण वेगळीच होती. राकेशचे मित्र सांगत होते, त्या संध्याकाळी तो त्यांच्यासोबत गडचांदूरला होता. तिघांची एकच गोष्ट, शब्दही तेच. मेडिकल रिपोर्ट आमच्या बाजूने होता. पण त्याला त्या खोलीपाशी पाहणारं कोणीतरी लागणार होतं. मंडळाच्या खोलीसमोर एकच टपरी, चहा आणि खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची. ती शंकरभाऊंची. मी त्यांना विचारलं.

"मले काई दिसलं नाई," ते म्हणाले आणि सुपारी घोटत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही.

मला त्यांचा राग आला नाही. ते ग्राउंड त्यांनी स्वतः कुदळीने साफ केलं होतं. राकेशला बाप नव्हता. शंकरभाऊंनी त्याला चढाई शिकवली, जेवू घातलं, पहिले बूट घेऊन दिले. त्या माणसाकडे मी काय मागत होते, हे मला कळत होतं.

"आणखी एकदा विचारा," आमचे साहेब म्हणाले.

"विचारून उपयोग नाही, सर. घाबरलेला असता तर धीर दिला असता. हे तर प्रेम आहे."

शुक्रवारी दुपारी शंकरभाऊ आपणहून आले. म्हणजे मला आधी तसं वाटलं. मागोमाग त्यांची बायको आत आली. कौसल्याबाई. टीमच्या जर्सी धुणारी, अख्ख्या टीमची काकू.

"यायले बसवा मॅडम," ती म्हणाली. "सांगतेत ते."

शंकरभाऊ बसले आणि फरशीकडे बघू लागले.

"सांगा ना आता! काऊन तोंड शिवलं? घरी मले सांगतलं, तेच सांगा."

"टीम तुटन ना वं," ते हळूच म्हणाले.

"तुटू द्या. पोरगी पाण्याचा गिलास धरू शकत नव्हती, हे तुमीच सांगतलं मले. त्या दिवसापासून जेवून नाई राह्यले धड तुमी."

मग ते बोलले. त्या संध्याकाळी शेवंता खोलीतून बाहेर आली आणि टपरीवर पाणी मागितलं. गिलास तिला धरता येईना, खाली पडला. 'काय झालं पोरी?' विचारलं, तर नुसती निघून गेली. तेवढ्यात राकेश खोलीतून बाहेर आला. कुलूप लावलं आणि गाडी काढून गेला.

"मी त्याले हाक मारली, मॅडम. त्यानं मांगं पाह्यलं नाई. मी समजलो."

जबाब लिहिताना मी दोनदा थांबले. त्यांना पाणी दिलं. कौसल्याबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता, तो शेवटपर्यंत काढला नाही.

रविवारी टीम राजुऱ्याला राकेशशिवाय खेळली आणि सपाटून हरली. त्याचा राग टपरीवर निघाला. कोणीतरी पाटी काढून नाल्यात फेकली. गिऱ्हाईक बंद. सकाळपासून चहा उकळायचा आणि संध्याकाळी ओतून द्यावा लागायचा. मी एक शिपाई तिथे उभा केला, तर लोक आणखीच फिरकेनात.

तोड काढली महिला टीमच्या कॅप्टनने. प्रमिला तिचं नाव. एका संध्याकाळी प्रॅक्टिस संपवून ती सगळ्या पोरींना घेऊन टपरीवर गेली. घामेजलेल्या, मातीने भरलेल्या पोरी बाकांवर, दगडांवर, जागा मिळेल तिथे बसल्या.

"काकाजी, समद्यायले चहा."

आमच्याकडे पोरी टपरीवर बसत नाहीत. त्या दिवशी बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. मग त्यांना न्यायला त्यांचे बाप-भाऊ यायला लागले. आलेला माणूस किती वेळ नुसता उभा राहणार? तोही चहा घ्यायचा. काही दिवसांनी शेवंताही आली. शंकरभाऊंनी तिला चहा दिला आणि टपरीच्या मागे जाऊन डोळे पुसून आले.

खटला 'इन कॅमेरा' चालला. लोकांना वाटतं शूटिंग होतं. तसं नाही. दार बंद करून, बाहेरच्या कोणालाही आत न घेता चालवतात. आतलं मला सरकारी वकिलांनी नंतर सांगितलं. आरोपीच्या वकिलाने शंकरभाऊंना विचारलं, "तुमचं या टीमशी वैर आहे का?"

"साहेब, त्या ग्राउंडवरचे गोटे मी येचले," ते म्हणाले. "वैर असतं तं येचले असते का?"

राकेशला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी शंकरभाऊ कोर्टाच्या पायरीवर बसून रडले, राकेशसाठी. शेवंता त्यांच्या शेजारी बसून राहिली. ती आता खेळते, आणि पोरींना शिकवतेही. पुरुषांची टीम अजून जिंकत नाही. गावात काही जण त्याचा दोष आजही मलाच देतात. देवोत.

मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. नवीन पीएसआय कधी घरी येतात आणि तक्रार करतात, मॅडम, साक्षीदार बोलतच नाही. मी एवढंच विचारते, "त्याच्या बायकोशी बोललास का?"