लॅमिनेट केलेली सही

परवा झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला आणि मी मनाने थेट ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या ऑफिसात जाऊन बसले, जिथे मी टायपिस्ट होते आणि फॅक्स मशीन नवं नवं आलेलं. डोंबिवलीच्या एका कारखान्याने सही करून फॅक्सवर ऑर्डर पाठवली, आम्ही त्यांच्या खास मापाचे चाळीस व्हॉल्व्ह बनवले, आणि त्यांचे साहेब फोनवर म्हणाले, "आम्ही ऑर्डर दिलीच नाही." आमच्याकडे पुरावा म्हणजे तो एकच फॅक्स, आणि त्याची अक्षरं पुसट व्हायला लागलेली. म्हणून मी शहाणपणा करून तो लॅमिनेट करायला नेला, तर गरम मशीनमधून तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट होऊन बाहेर आला! तो कागद उष्णतेने काळा पडतो हे मला काय ठाऊक? आमचे शेठ म्हणाले, "बाई, तुम्ही तर सहीचं श्राद्धच घातलंत." तरी आम्ही दोघं डोंबिवलीला गेलो. साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "दाखवा माझी सही." काळा कागद पदराआड घट्ट धरून मी तोऱ्यात म्हटलं, "आमच्याकडे नुसती नक्कल आली, साहेब. सही केलेला कागद तर तुमच्याकडेच राहिला ना?" साहेब तोंड उघडायच्या आत त्यांच्या इमानी क्लार्कने फाईल उघडली. "आहे ना साहेब, हा बघा." व्हॉल्व्ह त्याच संध्याकाळी टेम्पोने पोचले. हल्ली मी मोबाईलवर बोटाने सही करते तेव्हा लेक विचारते, "आई, ही चालेल का गं?" मी कपाटातला तो काळा कागद तिच्यापुढे धरते. "अगं, ही पण चाललेली."