फळीवरचे देव

दिंडोरी रोडच्या त्या मळ्यातली पत्र्याची शेड आणि तिच्यातली ती फळी अजून माझ्या डोळ्यांसमोर येते. पोलीस खात्यात मी शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. बंदोबस्त, मोर्चे, कुंभमेळा, भांडणं, सगळं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. ही एक केस मात्र वेगळी राहिली. खरं तर ती फार मोठी नव्हती. एका जुन्या व्हॅनची चोरी, एवढंच.

व्हॅन होती एका विधवा बाईची. सातपूरच्या कारखान्यांबाहेर ती सकाळी नाश्ता विकायची. पोहे, वडे, चहा. नवऱ्याने हयातीत घेतलेली ही व्हॅन म्हणजेच तिचं दुकान. मागचं दार उघडलं की आत शेगडी, बाजूच्या सरकत्या दारावर पिवळ्या रंगात लिहिलेलं ‘गरम नाश्ता’. दसरा जवळ आला असताना एका सकाळी ती उठली तेव्हा घरासमोरची जागा रिकामी होती.

फिर्याद द्यायला ती आली तेव्हा ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आमचे जुने हवालदार होते. वाईट माणूस नव्हता, पण जिभेला लगाम नव्हता.

“ताई, एवढी जुनी गाडी कोण चोरील? ढकलत न्यावी लागली असेल बिचाऱ्याला.”

“हसा साहेब, हसा. उद्या या नाश्त्याला. हवेतच तळते वडे तुमच्यासाठी.”

हवालदारांनी फिर्याद लिहायला घेतली. गाडीची काही खास खूण सांगा म्हटल्यावर तिने सांगितलं, की समोर काचेखाली सप्तशृंगीची लहान पितळी मूर्ती आहे. नवऱ्याने ती एमसील लावून बसवली होती. एमसील ओलं असताना हिने त्यात आपल्या फुटलेल्या बांगडीचा हिरवा तुकडा दाबून बसवला. “म्हटलं, देवीला चुडा नको का?” एवढं बोलून ती पदराने तोंड पुसत बसली.

त्यानंतर ती एक दिवसाआड ठाण्यात यायची. बाकावर बसायची. मी चहा दिला तर घ्यायची. तिचा प्रश्न एकच असायचा. “मॅडम, गाडी मिळंल ना? गाडी नसली तर माझं काहीच नाय हो.” मिळेल, असं मी म्हणायचे. बाकावरच्या माणसाला दुसरं काय सांगणार?

त्या दिवसांत शहरातून अशा आणखी काही जुन्या व्हॅन गेल्या होत्या. नवी गाडी गेली की मालक वरपर्यंत फोन करतो. जुनी गेली की दोन दिवस हळहळतो आणि सोडून देतो. पण ज्या गाड्यांचे सुटे भाग बाजारात मिळेनासे होतात, त्यांच्या दरवाजाला, काचेला, गिअरबॉक्सला खेड्यापाड्यांतून जास्त मागणी असते. अख्खी गाडी वजनावर भंगारात घातली तर जे मिळतं, त्याच्या कितीतरी पट तिचे भाग सुटे विकून मिळतं. हे आम्हाला उशिरा समजलं. चोराला आधीच माहीत होतं.

खबर दिली ती भंगाराचा टेम्पो चालवणाऱ्या एका माणसाने.

“साहेब, दिंडोरी रोडला झेंडूच्या मळ्यात एक जण गाड्या खोलतो. पत्रा बाजारात आणतो, पण इतका बारीक कापून आणतो की बास. माझ्या टेम्पोत दरवाजाएवढा तुकडा आरामात बसतो. मग ह्याला ताटाएवढे तुकडे करायचं काय कारण?”

आमच्या निरीक्षक साहेबांना हे पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही साध्या कपड्यांत निघालो. साहेब, हवालदार, आणखी दोन शिपाई आणि मी. घरात बाई असेल तर महिला पोलीस बरोबर लागते, म्हणून मी.

रस्त्यापासून आत झेंडूचा मळा, मळ्यात दोन खोल्यांचं घर आणि घरामागे शेड. तिथला माणूस एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. आम्हाला बघून घाबरला नाही. खुर्च्या दिल्या, आतून प्लास्टिकची फाइल आणली.

“पाळीहून आलं की दोन तास हे काम करतो साहेब. वरची कमाई. लोकांच्या बंद पडलेल्या गाड्या विकत घेतो. एकेक कागद बघा.”

कागद चोख होते. विक्रीचे करार, गाडीची पुस्तकं, मालकांचे फोन नंबर. साहेबांनी तिथल्या तिथे दोघांना फोन लावून बघितले, दोघांनीही हो म्हटलं. शेडमध्ये दरवाजे, सीट, रेडिएटर, काचा वेगवेगळ्या रचून ठेवलेल्या. इंजिनचा किंवा चासीचा नंबर असलेली एकही वस्तू नव्हती. हवालदारांनी माझ्याकडे बघून मान हलवली. इथे काही नाही, असा अर्थ.

फाइल पुन्हा तपासून होईपर्यंत साहेबांनी मला घरात बसायला सांगितलं. त्याची बायको ओट्यावर बाजारासाठी झेंडूच्या माळा ओवत होती. मी मुळात कमी बोलणारी. अनोळखी घरात तर मला एक वाक्य सुचत नाही. नुसतं बसणं बरं दिसेना, म्हणून मी टोपल्यातली दुसरी सुई घेतली आणि तिच्याबरोबर ओवायला लागले. ती हसली.

“तुम्हाला जमतं की ताई. पोलिसांना फुलं कुठून यायची म्हटलं.”

“माहेरी मळाच होता.”

“मग तर घरच्याच झाल्या.”

एवढ्यावर तिचं बोलणं सुरू झालं. पोरीची शाळा, फुलांचा पडलेला भाव, नवऱ्याचं जागरण. चौकशीत माणसाला बोलतं करायच्या युक्त्या आम्हाला शिकवतात. माझा अनुभव असा, की हाताला काम असलं की माणूस आपोआप बोलतो. थोड्या वेळाने तिने ओंजळभर फुलं घेतली.

“थांबा हं, देवांना वाहून येते. आज राहिलं सकाळच्या गडबडीत.”

मला वाटलं, आतल्या देवघरात जाईल. ती मागच्या दाराने शेडकडे निघाली. मी उठून तिच्यामागे गेले.

शेडच्या मागच्या भिंतीला, सीटांच्या ढिगाच्या आड, लाकडी फळी ठोकलेली होती. तिच्यावर देव होते. लहान गणपती, दत्त, खंडोबा, प्लास्टिकचे, पितळी, काचेचे. एक लाकडी क्रूस होता, ७८६ लिहिलेलं एक लटकनही होतं. सगळे गाड्यांतले. प्रत्येकापुढे कालचं सुकलेलं फूल होतं. ती एकेक काढून ताजं फूल ठेवत गेली.

“गाडी तोडायला घ्यायच्या आधी हे देव काढून घेतात,” ती म्हणाली. “देवाला भंगारात कसं घालायचं? गोदावरीत सोडून येऊ म्हणतात, पण सवड कुठं हाय त्यांना? तोवर म्हटलं, उपाशी नको राहायला.”

तिने पुढच्या मूर्तीवर फूल ठेवलं. बोटभर उंचीची सप्तशृंगी. तळाला राखाडी एमसीलचा गोळा आणि त्यात हिरव्या बांगडीचा तुकडा.

“ही कधी आली?” मी विचारलं.

“ही ना? दसऱ्याच्या मागंपुढं. छान हाय ना? हिला तर बांगडी बी हाय.” ती कौतुकाने म्हणाली.

मी हातातली सुई तिथेच सीटवर ठेवली आणि साहेबांकडे गेले.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. शेजारच्या मळ्यातून दोन पंच बोलावले. पंचनामा सुरू झाला. हवालदारांनी देवी फळीवरून उचलली आणि शेडच्या मधोमध एका उलट्या पडलेल्या इंजिनच्या झाकणावर ठेवली. तो माणूस आता घामाने भिजला होता, पण बोलणं तेच.

“बाजारातून घेतली साहेब. रविवारच्या बाजारात.”

“बाजारात एमसील लावून देव विकतात काय रे?” हवालदार ओरडले. “आणि बांगडी फुकट?”

“मला काय माहीत? असंल कुणाची.”

अर्धा तास हेच चाललं. हवालदारांचा आवाज चढत होता, त्याची मान खाली जात होती, पण कबूल काही होईना. मग तो एकदम म्हणाला, “साहेब, तिथं नका ठेवू तिला. तेल हाय तिथं.”

कुणी काही म्हणायच्या आत तो पुढे झाला. शर्टाची बाही ओढून झाकणावरचं काळं तेल पुसलं, देवी उचलली आणि पुसलेल्या जागेवर ठेवली. वरचं फूल पडलं होतं, तेही परत ठेवलं.

साहेब हलक्या आवाजात म्हणाले, “एवढी काळजी आहे, तर ती कुणाची आहे तेही सांगून टाक.”

तो खाली बसला आणि सांगायला लागला. पहिली दोन वर्षं सगळं सरळ होतं. मग कंपनीत काम कमी झालं, आठवड्यातले निम्मे दिवस घरी. दोघे जण बिनकागदाची व्हॅन घेऊन आले. कागद मागे राहिलेत, नंतर देतो म्हणाले. ते देणार नाहीत हे याला तेव्हाच कळलं होतं. “पहिल्या गाडीला हात लावताना भ्यालो साहेब. दुसरीला नाय.” दुसरीनंतर तो पत्रा बारीक कापायला शिकला. नंबर घासून काढायला शिकला. देव फेकायला मात्र त्याचा हात धजला नाही.

दारात त्याची बायको उभी होती. हातात अजून फुलं होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडाकडे बघूनच समजत होतं. ती मला म्हणाली, “ताई, तुम्ही तर माझ्याबरोबर माळा ओवत होता.”

मी पंचनाम्याकडे वळले. पंचनाम्यात जे दिसेल ते लिहायचं असतं, म्हणून लिहिलं, देवीची पितळी मूर्ती, तळाशी एमसील व हिरवी काच, वर झेंडूचं एक फूल. तसंच ते कापडात बांधून लाखेचं सील केलं.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. त्यामुळे गाडीचे सुटे भाग शोधावेच लागणार होते. गाड्या आणणाऱ्या दोघांपैकी एक सापडला, दुसरा कधीच नाही. व्हॅनचं इंजिन मनमाडकडे गेलं होतं, ते हाती लागलं नाही. सरकता दरवाजा नामपूरला मिळाला, कांदा वाहणाऱ्या एका व्हॅनला बसवलेला. तिथला शेतकरी हात जोडून अहिराणीत म्हणत होता, “साहेब, यामा मन्हा काय गुन्हा शे?” त्याचा काही गुन्हा नव्हता. तरी दरवाजा उतरवून घ्यावा लागला.

ओळख पटवायला आम्ही नाश्तेवाल्या बाईंना ठाण्यात बोलावलं. गाडी सापडली असं समजून त्या नवी साडी नेसून आल्या. मागच्या अंगणात भिंतीला दरवाजा टेकवून ठेवला होता. ‘गरम’ खरवडून गेलं होतं, ‘नाश्ता’ राहिलं होतं. त्यांनी अक्षरांवरून हात फिरवला.

“हा माझाच. बाकीची कुठं हाय?”

हवालदार, ज्यांची जीभ कधी थांबायची नाही, ते नळाकडे जाऊन हात धुवायला लागले. सांगावं मलाच लागलं. त्या तिथेच पायरीवर बसल्या. म्हणाल्या, “मग देवी तरी द्या.”

“ती मुद्देमालात आहे. सुपूर्दनाम्यासाठी अर्ज करावा लागेल. कोर्टाचा आदेश झाला की मिळेल.”

“देवीला बी जामीन लागतो का मॅडम?”

साहेबांना शाबासकी मिळाली. माझंही नाव बक्षिसाच्या यादीत होतं. गुन्हा उघडकीस आला, माल हस्तगत झाला, असं आम्ही लिहितो. मी पण पुष्कळदा लिहिलं आहे. पण जे गेलं आणि जे हस्तगत झालं, त्या दोन वस्तू एकच आहेत असं त्या दिवसापासून मला कधी वाटलं नाही. त्या बाईंनी पुढे हातगाडी भाड्याने घेतली. निम्मं सामान, निम्मं गिऱ्हाईक. तो माणूस जामिनावर सुटला, पण कंपनीने त्याला परत घेतलं नाही. त्याच दिवसांत त्याची बायको एकदा मला फुलबाजारात दिसली. मी थांबले. तिने टोपलं दुसऱ्या हाताला घेतलं आणि गर्दीत निघून गेली.

आदेश यायला पुष्कळ वेळ लागला. देवी परत द्यायचं काम माझ्याच हातून झालं. सही घेतली, सील तोडलं, कापड उलगडलं. मूर्ती होती तशीच होती. तिला चिकटून एक वाळलेला, तपकिरी झालेला झेंडू होता.

“हे फूल कुणाचं?” बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. फळी, रोजची फुलं, उपाशी नको राहायला म्हणणारी ती, सगळं. एवढं बोलणं मला नेहमी जमत नाही. बाई ऐकत राहिल्या.

“म्हणजे माझी देवी तिथं बी उपाशी नव्हती.” मग विचारलं, “त्या बाईचं काय झालं पुढं?”

“माहीत नाही.”

मला वाटलं, त्या फूल टेबलावर ठेवून जातील. त्यांनी ते देवीबरोबर त्याच कापडात परत बांधलं.

“कधी भेटली तर सांगा तिला,” जाताना म्हणाल्या, “देवी घरी पोचली म्हणून.”

मी मान डोलावली. त्यानंतर दिंडोरी रोडने मी कितीतरी वेळा गेले. बसच्या खिडकीतून मळा दिसतो, झेंडूही दिसतो. तो निरोप अजून माझ्याकडेच आहे.