वाजणारी भाकरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कडक भाकऱ्या शेकणं. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या कडेला उभी लावायची. निखाऱ्याच्या धगीनं ती पापडासारखी कडक होते, मग महिनाभर टोपलीत राहिली तरी काही होत नाही. माझ्या बायकोचा, महादेवीचा, हात अलीकडं थरथरायचा, म्हणून थापायचं तिच्याकडं आणि चुलीपाशी फिरवायचं माझ्याकडं. त्या दिवशी एक माझ्या हातून करपली. "जलम गेला भाकर खाण्यात, फिरवायला अजून येत न्हाई तुमाला," ती म्हणाली. मी म्हणालो, "थापायला तू, करपवायला मी. वाटणी बरोबर हाय." हसली. करपलेली तिनं टाकली नाही, टोपलीत सगळ्यांच्या वर ठेवली आणि फडकं झाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. संध्याकाळच्या आत माती दिली. आमच्यात बसवून पुरतात. बसली होती तशीच, चुलीपुढं बसायची तशी...

आता दीड महिना झाला. येणारा-जाणारा म्हणतो, अन्नपूर्णा होती, देवमाणूस होती. तुम्ही चार ओळी लिहा म्हणतात. माझी शाळा चौथीपर्यंत, तीबी निजामाच्या उर्दूत. मला सजवून लिहिता येत नाही. आणि देवमाणूस वगैरे काही नव्हती ती. तोंडानं फटकळ होती. नवीन सून असताना एकदाच सासऱ्याच्या आणि पंगतीच्या पुढं आली, आणि आमच्या सगळ्या घराची मान खाली घालून आत गेली. तेवढं एक सांगतो.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. हैदराबाद स्टेट अजून मोडलं नव्हतं. माझ्या वडलांनी, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, दुबलगुंडीत शेंगदाण्याच्या तेलाची गिरणी टाकली आणि तिला जर्मनीचं इंजिन मागवलं. इंजिनासोबत ते बसवून देणारा एक विशीतला जर्मन आला. वेर्नर त्याचं नाव. गावानं दोन दिवसांत त्याचं वीरण्णा केलं. हंगाम संपेपर्यंत तो राहणार, आणि गावात दुसरी सोय नाही, म्हणून आमच्याच घरात, ढाळजेला लागून असलेल्या खोलीत त्याची पेटी पडली. ढाळज म्हणजे दारातली बसा-उठायची पडवी. तो दाढी करायला बसला की समोर सगळी गल्ली गोळा व्हायची. विहिरीवर चड्डीवर अंघोळ करायचा, बायका घागरी तशाच ठेवून पळायच्या. पहिल्या दिवशी ठेचा हलवा समजून चमचाभर तोंडात घातला आणि डोळ्यांतून धारा लागल्या तरी "छान, छान" म्हणत राहिला. ट्रकवाल्याकडून दखनी, गिरणीतल्या गड्यांकडून कन्नड आणि आमच्याकडून मराठी, अशी तिन्हीची खिचडी बोलायचा. "अक्का, नीर जल्दी पाहिजे," म्हणाला की महादेवी पदर तोंडात कोंबून आत पळायची. घराच्या मातीच्या छतावर, माळवदावर बसून शीळ घालायचा. कधीकधी शीळ मध्येच थांबायची आणि तो उगाच उत्तरेकडं बघत बसायचा.

आमचं घर लिंगायताचं, सोवळं-ओवळं फार नव्हतं, तरी मांसमच्छी खाणारा माणूस म्हणून त्याचं ताट वेगळं. अव्वानं, माझ्या आईनं, कोनाड्यातलं एक जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट त्याला नेमून दिलं. जर्मनाला जर्मलचं ताट, म्हणून बायका आठ दिवस हसल्या. पण ताट वेगळं देऊनही तो आमच्यातलाच निघाला असं सगळ्यांना वाटलं, कारण जेवण झालं की तो ताटात पाणी ओतायचा, बोटानं कडा धुवायचा आणि ते पाणी पिऊन टाकायचा. आमच्यात जुनी माणसं असंच करतात. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कण वाया घालवायचा नाही. याला हे कुणी शिकवलं नव्हतं. अप्पा जाईल त्याला सांगायचे, "मागच्या जलमी शरण असणार बघा पोरगा." शरण म्हणजे आमच्यातला शिवभक्त. हुमनाबादच्या बाजारात सांगायचे. माझीबी छाती फुगायची.

मग घरात उंदीर झाले. दुपारी सगळं सामसूम असताना वीरण्णाच्या खोलीतून कट कट आवाज यायचा. अव्वानं शेजारचं मांजर आणून बांधलं. मग आवाज बंद झाला, अव्वा खूश झाली. महादेवी मला परसात गाठून म्हणाली, "उंदीर नव्हं ते. वीरण्णा हाय. कडक भाकर पेटीत लपवून ठेवतोय आन् दार लावून खातोय."

"मग आता आवाज कामून येत न्हाई?"

"आता पाण्यात भिजवून खातोय. आवाज व्हऊ नये म्हणून."

"तुला काय ठाव?"

"मी खाल्लीय तशी."

तिचं माहेर चिंताकीचं. रझाकारांच्या सालात सगळं गाव रानात जाऊन राहिलं होतं, तेव्हा ही दहा-अकरा वर्षांची. पीठ संपत आलेलं. आजीनं हिच्या आणि धाकट्या भावाच्या नावानं एक भाकर राखून ठेवलेली. हिनं ती घोंगड्याखाली घेतली, वाजू नये म्हणून लोट्यातल्या पाण्यात भिजवली आणि भाऊ शेजारी झोपलेला असताना एकटीनं खाल्ली. भावाला पुढं कधी सांगितलं नाही. तो भेटायला यायचा तेव्हा तव्यावरची पहिली भाकरी त्याच्याच ताटात जायची आणि ही त्याच्या तोंडाकडं बघायची नाही. मी समजायचो, फार माया हाय.

मी सगळं ऐकून काय म्हणालो, तर, "कुणाला बोलू नगंस. पाव्हणा चोरून खातोय म्हणजे घरात पुरत न्हाई असं व्हईल."

"घराच्या नावाची पडलीय तुमाला," ती म्हणाली आणि गेली. त्या दिवसापासून कडक भाकऱ्यांची टोपली ती ढाळजेकडच्या फळीवर, वीरण्णाचा हात पोचेल अशी ठेवायला लागली.

श्रावणातल्या एका सोमवारी अप्पांनी मठाच्या स्वामींना जेवायला बोलावलं. गावातली वजनदार माणसं बोलावली. खरं तर स्वामींना वीरण्णा दाखवायचा होता. स्वामी वर मणईवर, म्हणजे पाटावर, आम्ही ओळीनं, आणि दाराकडच्या टोकाला वीरण्णा मांडी घालून. जेवण झालं. त्यानं ताटात पाणी ओतलं, कडा धुतल्या, प्याला. अप्पा नुसते चहूकडं बघत होते. स्वामी खूश झाले. विचारलं, "हे कुणी शिकवलं, बाळा?"

"आई," तो म्हणाला.

"तुमच्या देशातबी आहे ही रीत?"

त्याचे कान लाल झाले. "रीत न्हाई. मी लहान. लढाई संपली. घर न्हाई, खायला न्हाई. आई ताट धुवायची, पाणी आमाला द्यायची. पाण्यात थोडं... थोडं असतंय."

अप्पांचं तोंड उतरलं. इतके दिवस जी भक्ती म्हणून गावभर मिरवली ती भूक निघाली, आणि तीबी आपल्या ढाळजेत, चार माणसांत. ते चिडून म्हणाले, "आणि हितं? आमच्या घरात उपाशी ठेवलंय काय तुला?"

त्याला वाटलं, आपण सापडलो. उठला, खोलीत गेला, हत्यारांची पेटी उचलून आणली आणि अप्पांपुढं उघडली. पाने, नटबोल्ट, तेलाचं फडकं बाजूला सारून एकेक भाकर काढून ठेवायला लागला. काही अर्ध्या, काही तुकडे, एकीवर इंजिनाच्या तेलाचा काळा अंगठा उठलेला. "घ्या, अप्पा. चोरी न्हाई. उद्याला ठेवलं. उद्या नसलं तर..."

तेवढ्यात आतून महादेवी आली. घरात सून येऊन वर्ष झालं नव्हतं, सासऱ्यापुढं उभी राहिली नव्हती कधी. तिनं ढिगातली एक भाकर उचलली आणि त्याच्या धुतलेल्या ताटात ठेवली. धुतलेल्या ताटात पुन्हा वाढत नाहीत. तिथं बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, तिलाबी होतं.

"खा, वीरण्णा," ती म्हणाली. "भिजवू नगं. वाजू दे."

त्यानं मोडली. इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नाही. तो खात होता, कट कट वाजत होतं, आणि दहा-बारा माणसं खाली बघत बसलेली. आणि मला लाज कशाची वाटली सांगू? त्याच्या भुकेची नाही, अप्पांच्या बोलण्याचीबी नाही. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता, आणि लोक बघायलेत, याची. स्वामी उठले, जाताना ढिगातला एक तुकडा उचलून झोळीत टाकला आणि काही न बोलता गेले. अप्पांनी तो अपमान धरला. अव्वानं आशीर्वाद. दोघं मरेपर्यंत त्यावर भांडले.

अप्पा सुनेशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. वीरण्णा हंगाम संपेपर्यंत राहिला, पण त्याच्या खोलीतून आता दिवसाढवळ्या कट कट यायची आणि अव्वा सगळं ठाऊक असून मांजराला शिव्या द्यायची. तो निघाला तेव्हा महादेवीनं फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या. ट्रकच्या फळीवर बसून त्यानं एक गुडघ्यावर आपटून मोडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, आणि हसला. एक-दोन पत्रं आली, मग थांबली. त्याचं ते ताट महादेवीनं स्वतःला घेतलं. घरात स्टीलची आली, सुनांनी काचेची आणली, ही जर्मलच्या ताटातच जेवायची. काठ चेपलेला. मी कितीदा म्हणालो, टाक ते, लोक काय म्हणतील. ती त्यातच वाढून घ्यायची.

माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती भुकेनं. घर भरलेलं होतं, लेकी रडून रडून भिंतीला टेकलेल्या, चूल पेटलेली नव्हती, शेजारचे दुपारी काहीतरी आणणार होते. बायकोला मातीत बसवून आलेला माणूस, आणि पोट असं ओरडायलंय... मला माझीच शरम वाटली. चोरासारखा आत गेलो. तिचं ताट घेतलं, कोनाड्यातल्या टोपलीवरचं फडकं काढलं. वरचीच भाकर माझ्या हातची, करपलेली. लोट्यात पाणी होतं. भाकर पाण्याशी नेली, आवाज नको म्हणून. मग थांबलो.

मोडली. पलीकडं थोरली लेक रडायची थांबली, "कोण हाय?" म्हणाली. सगळी खाल्ली, वाजवत. मग ताटात पाणी ओतलं, बोटानं कडा धुतल्या आणि प्यालो.