वायरमनचं गाऱ्हाणं

माझ्या घरात चपला घालून फिरलेला तो एकच माणूस. धुळीची चप्पल अंगणात काढायची, पाय धुवायचे, मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली दुसरी, स्वच्छ रबरी चप्पल काढून घालायची आणि मगच उंबरठा ओलांडायचा. मी नाक मुरडलं तर म्हणाले, "बाईनू, देव रागावलो तर नारळ ठेवन समजूत घालता येता. करंटाची समजूत कोण घालतलो?"

गावात सगळे त्यांना वायरमनच म्हणत. साठी उलटलेली, अंगाने सुकलेल्या बोंबलासारखे, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. तुमच्याही गावात असा एक असणार. लग्नाच्या पंगतीत जेवता जेवता ज्याची नजर पानात नाही, मांडवाच्या वायरीवर असते, तो.

मी शाळेतून निवृत्त झाले आणि घरात एकटी बसून कंटाळले. भाच्याने डोक्यात भरवलं, किनाऱ्यावरच्या हॉटेलांना सॅलडची पानं लागतात, पावसाळ्यात ती बाहेर कुजतात, तर तू ती घरात दिव्यांखाली वाढव. झालं! भाताच्या कणग्यांची खोली मोकळी केली, पाचशे वॅटचे आठ दिवे मागवले. शेजारीण म्हणाली, "पाल्याक इतको उजेड? हो पालो काय परीक्षेक बसतलो?" हसू दे म्हटलं. माझा बेत पक्का होता. फ्रीजच्या प्लगला एक एक्स्टेन्शन, त्याला ऑनलाइन मागवलेला छोटा टायमर, त्यावर आठही दिवे. वायरमनना बोलावलं ते नुसते हूक ठोकायला.

त्यांनी तो टायमर दोन बोटांत धरून उंदीर धरावा तसा वर केला. "ह्या खेळण्यार चार हजार वॅट?"

"त्यावर सोळा अँपिअर लिहिलंय," मी बाणेदारपणे म्हणाले. चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी.

"मगे आठ दिव्यांचो भागाकार करा."

केला. सतरा अँपिअरच्या वर गेला.

मग चार-पाच दिवस त्यांचं काम चाललं. मेन बोर्डापासून जाड तांब्याच्या वायरीच्या दोन वेगळ्या लायनी, प्रत्येकीला चार दिवे आणि आपापला एमसीबी. शॉक लागायच्या आत सगळं तोडणारा आरसीसीबी वेगळा. टायमरला त्यांनी कॉन्टॅक्टर नावाचा एक दणकट डबा जोडून दिला. "टायमरान निसतो हुकूम सोडूचो. ओझा उचलूचा काम ह्या गड्याचा." दिवे साखळीला टांगले, वायरीला नाही. प्रत्येक वायर सॉकेटात शिरण्याआधी खाली झोल देऊन सोडली. "तारेक पोट होया. पाणी इला तर पोटाकडसून खाली गळतला, सॉकेटात जावचा नाय." आमची जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात रोज एक कळशी पाणी ओतायचा हुकूम मला सुटला. तुळशीला तांब्या आणि अर्थिंगला कळशी, शेजारणीला हसायला आणखी एक विषय.

आणि शेवटी गाऱ्हाणं. हो, गाऱ्हाणंच, देवापुढे एकाने मागणं घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, तसं. सगळे दिवे तासभर पेटते ठेवून ते बोर्डासमोर हात जोडून उभे राहिले आणि देवळातल्या सुरात सुरू झाले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या घरात बाईन पाल्याखातर उजेडाचो घाट घातलेलो आसा. तर अर्थिंगाक पाणी घातलेला आसा, रे म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!" मी हसत म्हणाले.

ते थांबले. "बघून इलात?"

"अहो, सकाळीच घातलंय."

"बघून येवा, मगे व्हय म्हणा."

मुकाट्याने परसात जाऊन खड्डा बघून आले. मग पुढची ओळ. पाल्याच्या ट्रेमधला पाणी सॉकेटापासून लांब आसा, रे म्हाराजा? आरसीसीबीचा टेस्टाचा बटण दाबला, तो पडलो, रे म्हाराजा? प्रत्येक ओळीला मी जाऊन बघायचं, येऊन 'व्हय' म्हणायचं. शेवटची ओळ होती, "आठय प्लगांक बाईन भायरसून हात लावल्यान, खंयचोच गरम नाय, रे म्हाराजा?"

चार प्लगांना मी हात लावला. पाचव्याशी पोचले आणि फोन वाजला. हॉटेलवाल्याचा. बोलून परत आले तर वायरमन तसेच हात जोडून उभे. आता तुम्हीच सांगा, कोकणात वाढलेल्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द शिंकेसारखे निघतात की नाही? समोर गाऱ्हाणं घालणारा थांबला की आपण बोललोच.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि गेले.

पंधरा-वीस दिवसांनी खोलीत मासळीचा वास यायला लागला. आता मालवणात मासळीच्या वासाने कोण घाबरतो? शेजारणीकडे बांगडे सुकत असतील म्हणून दोन दिवस मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी सोमवार होता. शेजारीण सोमवारी मासळीला शिवत नाही. मी धावत आत गेले, बघते तर पाचवा सॉकेट करपून तपकिरी झालेला, वास त्याच्याच तापलेल्या प्लास्टिकचा, आणि वर लाकडी माळ्यावर हात पोचेल इतक्या अंतरावर नारळाच्या सुक्या सोडणांचा ढीग. मेन पाडला. वायरमनना फोन केला आणि वर त्यांच्यावरच ओरडले. "काय काम केलंत हे? घर जळलं असतं माझं!"

ते आले. चप्पल बदलली, सॉकेट उघडला. "स्क्रू ढिलो ऱ्हवलो. एमसीबीक ह्या कळना नाय, तो निसतो जास्तीच्या करंटाक पडता. चूक माझी, बाईनू." मग अगदी हळू म्हणाले, "त्या दिवशी पाचव्याक हात लावलात, तेवा गरम नाय लागलो?"

चौतीस वर्षं मुलांवर ओरडले मी, लक्ष कुठे आहे तुझं म्हणून. "मी लावलाच नव्हता," म्हणाले.

त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तर्जनीवर पिकलेला फोड होता. "चायच्या टोपाचो. कधी भाजला ता माकाच ठावक नाय. साखरेच्या दुखण्यान बोटां मेली माझी. स्क्रू आवळलो काय नाय, प्लग तापलो काय नाय, कायेक कळना नाय. म्हणान तुमका हात लावूक सांगत होतंय." हात मागे घेत म्हणाले, "कोणाक सांगू नकात. हात गेलो म्हटल्यार कोण बोलावतलो माका?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी समजत होते, म्हातारा उगीच मास्तरकी करतोय. त्यांनी आपली बोटं माझ्यावर सोपवली होती आणि मी फोनवर पानांचा भाव करत होते.

त्यानंतर त्यांच्या कामांवर मी जायला लागले. त्यांच्या स्कूटरवर मागे, पदर खोचून. शिरोड्याच्या एका होमस्टेत, नांदगावच्या एका रोपवाटिकेत. ते सांगणार, मी मेन बंद आहे का बघून स्क्रू आवळणार, पिळून पिळून पारखणार, तासाभराने प्रत्येक प्लगाला, प्रत्येक बोर्डाला हात लावणार. लोकांना वाटे, बाई कुठल्याशा कचेरीतून तपासणीला आलीय. वायरमन त्यांना बिनदिक्कत सांगत, "बाई कडक आसत. ढिला चालाचा नाय." एकदा एक गृहस्थ माझ्यासाठी शहाळं घेऊन आला आणि त्यांना विसरला, तर स्कूटरवर घरी येईपर्यंत हसत होते. दोन वर्षं आम्ही असे फिरलो. मी एकदाही न बघता 'व्हय' म्हटलं नाही. ते ओळ म्हणून थांबत आणि माझ्या तोंडाकडे बघत, तेव्हा मला फार बरं वाटे. हे त्यांना कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

यंदा त्यांच्या पायात खिळा गेला. कळलाच नाही. कळलं तेव्हा पाय काळा पडला होता. सावंतवाडीला दवाखान्यात ठेवलं, त्यांचा मुलगा म्हणाला, भेटून जा.

दुपारी गेले. ते डोळे मिटून पडले होते. मी स्टुलावर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ तशीच बसून होते. डोळे उघडले तरी ते छताकडेच बघत राहिले. मग मान वळली, मी दिसले, माझ्या हातातला आपला हात दिसला.

"कधीपासून धरलंस गो?" आजवर मला ते 'बाईनू' म्हणत आले होते.

"मघापासून."

"गरम आसा काय?"

त्यांचा मुलगा पलीकडून माझ्याकडे बघत होता. मी दुसरा हातही त्यांच्या हातावर ठेवला, प्लगांना लावायचे तसा, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत नीट लावून बघितला.

"नाय," मी म्हणाले. "थंड आसा."

त्यांनी मान हलवली.

"मगे धरून ऱ्हव."