गवरीची धार कोण काढतं

वडगाव निंबाळकरात छबूबाईला मान होता तो तिच्या हाताचा. खुरपायला, भांगलायला बाया पुष्कळ, पण धार काढावी तर छबूबाईनं. इंदापूरकडच्या कळस गावाहून लग्न होऊन आली तेव्हा घरात एक भाकड म्हैस होती. नवरा संभाजी ऊस लावायचा आणि पारावर बसून कारखान्याच्या निवडणुकीवर बोलायचा. छबूबाईनं हट्ट धरून गवरी ही संकरित गाय घ्यायला लावली, दूध संस्थेत खातं काढलं ते स्वतःच्या नावानं. गवरीचं दूध घेऊन ती डांबरीवरून निघाली की चालण्यात असा तोरा, जणू संस्था तिच्या किटलीवरच चालली होती.

चौऱ्याण्णव साली माहेराहून परतताना बारामतीच्या अलीकडं ती बसलेल्या जीपला विटांचा ट्रक घासून गेला. जीव वाचला. दांडीला धरलेला उजवा हात मात्र मनगटापासून चेंगरला. बारामतीच्या दवाखान्यात हाड जुळलं, पण बोटं वळेनात. मूठ म्हणून होईना. आणि गवरीखाली धाकटी जाऊ बनाबाई बसायला लागली.

बनाबाई मोरगावकडची, शेळ्यांमागं वाढलेली. "शेळ्या पिळनारी ती, तिला गाय काय कळती?" असं छबूबाई चार जणींत म्हणून बसली. महिन्याभरात दूध लिटरभर वाढलं. छबूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. धार चालू असताना ती गोठ्याच्या दारात उभी राही आणि खोड काढायला काही सापडतं का बघे. काहीच सापडत नसे, त्याचाच जास्त राग येई. शेजारची प्रयागबाई एकदा सहज म्हणाली, "बनाचा हात लई गुनाचा हाय." छबूबाई तिच्याशी पंधरा दिवस बोलली नाही.

संस्थेच्या सेक्रेटरीनं सुचवलं की दूध बनाबाई घालते, तर पुस्तकाला तिचंच नाव लावू. "मी मेल्याव लावा," छबूबाई म्हणाली आणि पुस्तक उशाखाली ठेवायला लागली.

पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ऑपरेशन केलं तर मूठ वळेल. तो खर्च घराला झेपणारा नव्हता. म्हणून बारामतीच्या कोर्टात ट्रकच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावला. संभाजीला पैसे दिसत होते. छबूबाईला दिसत होती गवरी. मूठ वळली की बनीला गोठ्यातून उठवायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी तिनं दोन वर्षं तारखांना खेटे घातले.

तिच्या साक्षीच्या दिवशी घरचे सगळे आले होते. बनाबाई मागच्या बाकावर भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती. कंपनीच्या वकिलानं दूध संस्थेचा उतारा वर धरला.

"हे खातं तुमचंच?"

"व्हय."

"अपघाताच्या आधी रोज नऊ लिटर. नंतर दहा. हात अधू झाला म्हणता, मग दूध वाढलं कसं? धार तुम्हीच काढता ना?"

उत्तर सोपं होतं. जाऊ काढते, एवढं म्हणायचं होतं. तिचा वकील डोळ्यांनी तेच सांगत होता. पण ते बनीच्या देखत म्हणायचं, भर कोर्टात, लिहून घेतलं जाणार असं! छबूबाईचा जीव जळला.

"मीच काढते," ती म्हणाली.

तिच्या वकिलानं कपाळाला हात लावला. संभाजी बाकावरून अर्धा उठला. जज्जसाहेब मात्र शांत गृहस्थ होते. त्यांनी शिपायाकडून टेबलावरचा रूळ तिच्याकडं दिला आणि म्हणाले, "बाई, हा उजव्या हातात घट्ट धरा."

बोटं अर्धी वळली आणि थांबली. रूळ खाली पडला. तिनं तो डाव्या हातानं उचलून पुन्हा उजव्यात घातला. पुन्हा पडला.

"आता खरं सांगा. धार कोण काढतं?"

"ती. माझी जाऊ, बनाबाई." आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढचंही तिच्या तोंडून गेलं. "माझ्यापरीस लिटरभर जास्तच काढती."

ती हुंदके देऊन रडली. लोकांना वाटलं, बाई हातासाठी रडते.

दावा मंजूर झाला. सत्त्याण्णव साली पुण्यात ऑपरेशन झालं. तीन महिने रबरी चेंडू दाबून दाबून छबूबाईनं मूठ वळवली, आणि एका सकाळी गोठ्यात जाऊन म्हणाली, "बने, ऊठ. आजपासनं मी."

बनाबाईनं बादली दिली आणि घरात गेली. छबूबाई ऐटीत बसली. कास धुतली, सड धरले. मूठ अगदी पहिल्यासारखी वळली. पण गवरीनं पान्हा चोरला. मान वळवून ती घराच्या दाराकडं बघत राहिली. छबूबाईनं चुचकारलं, पेंड घातली, पाठीवरून हात फिरवला, शेवटी "फितूर हायस" म्हणून शिव्या घातल्या. अर्ध्या तासात बादलीचा तळ कसाबसा ओला झाला. संस्थेची वेळ टळत आली होती. हात परत मिळाला होता, गाय गेली होती, आणि कुठल्या कोर्टात जावं ते तिला कळेना.

मग सड न सोडता ती घराकडं न बघता ओरडली, "बने, ये हिकडं!"

बनाबाई धावत आली. तिनं नुसता गवरीच्या पाठीवर हात ठेवला आणि छबूबाईच्या मुठीतून धार बादलीत वाजायला लागली. सवयीनं बनाबाई खाली बसायला वाकली.

"हुबी ऱ्हा," छबूबाई म्हणाली. "नुसती हुबी ऱ्हा. खाली बसायचं न्हाय."