थांबायची सोय

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे बसून माइकवर गाड्यांच्या वेळा सांगण्यात बाईंची उभी हयात गेली. गाडी वेळेवर सुटो, उशिरा सुटो की रद्द होवो, आवाज एकाच सुरात. एकदा स्थानकाच्या उपाहारगृहाला आग लागली, तेव्हा "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, उपाहारगृह पेटले आहे" हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की आतले दोघे-तिघे चहा संपवूनच उठले. घरीही तेच. दूध उतू जायला लागलं तर बाई आधी तशी सूचना देत आणि मग गॅस बंद करत.

त्यांच्या नवऱ्याला बाहेर बरीच नावं होती, पण घरात एकच, 'अहो'. आपणही तेच वापरू. अहो वजनकाटे विकायचे. फिरतीची नोकरी, पायाला भिंगरी. ऐन उमेदीत त्यांनी एक गाडी घेतली होती. गडद हिरवी, चार दारांची, लांब नाकाची. दिसायला हेडमास्तर आणि पळायला चोर. सिग्नलला शेजारी उभे राहणारे तिच्याकडे कीव आल्यासारखं बघत, आणि सिग्नल सुटला की ती कुठे गेली ते शोधत. अहोंनी ती पोटच्या पोरीसारखी सांभाळली. पोटच्या पोरीचं मत असं होतं, की तिच्यापेक्षा जरा जास्तच.

पुढे अहोंना काचबिंदू झाला. उंदराने पुठ्ठा कुरतडावा तशा बघण्याच्या कडा कमी कमी होत गेल्या आणि मधे एक भोक तेवढं उरलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आता गाडी चालवणं बंद."

"कुठली?" अहोंनी विचारलं.

"सगळ्या."

विकायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा बाई या वयात शिकवणीच्या गाडीवर शिकल्या, परवाना काढला आणि हिरवी गाडी चालवायला लागल्या. चालवायच्या म्हणजे कशा, तर डोक्यावर काचेचं कपाट घेऊन निघाल्यासारख्या. मागून सायकलवाले घंटी वाजवत. शेजारी अहो बसत. त्यांचे हात मांडीवर मुकाट असत, पण उजवा पाय अजून ड्रायव्हरच होता. चौक आला की तो पाय नसलेला ब्रेक दाबी. एरवी निगुतीने राखलेल्या त्या गाडीत त्या जागेची चटई झिजून खालचा पत्रा दिसायला लागला होता.

लेक डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरीला होती. तिच्याकडे दोन दिवस राहून हे जोडपं उतरत होतं. वळणावर वळण, उतारावर उतार. बाईंनी पाय ब्रेकवर ठेवला तो ठेवलाच. अर्ध्या वाटेवर कापडावर इस्त्री विसरल्यासारखा वास आला. मग पुढच्या वळणाआधी बाईंनी पाय दाबला, तर तो उशीत घातल्यासारखा खाली गेला. पुन्हा दाबला. आणखी खाली.

"ब्रेक लागत नाहीये," बाई म्हणाल्या.

ज्या आवाजात हे सांगितलं गेलं, त्या आवाजात अहोंनी आजवर भाजी संपल्याच्याच बातम्या ऐकल्या होत्या. त्यामुळे ते म्हणाले, "बरं." मग गाडीच्या इंजिनाने सूर बदलला आणि त्यांना कळलं.

"गिअर उतरव. दुसरा टाक. टाक! ओरडू दे तिला. हँडब्रेक हळूहळू ओढ, एकदम नको. पुढे काय आहे?"

"वळण."

"त्याच्या आधी?"

"खडीचा ढीग."

"घाल."

बाईंनी घातली. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांनी टाकलेल्या त्या ढिगात गाडीचं लांब नाक अर्धं रुतलं आणि सगळं शांत झालं. एक मजूर फावडं टेकवून बघत राहिला. बाईंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, पर्समधून पाण्याची बाटली काढली, आणि तिचं झाकण काही त्यांना उघडेना. अहोंना ते दिसलं नाही. पण झाकणाचा खुडखुड आवाज त्यांनी ऐकला, बाटली घेतली, उघडली आणि परत दिली.

थोड्या वेळाने गाडी गार झाली आणि ब्रेक पुन्हा लागायला लागला.

"बघ," अहो म्हणाले. "काही झालेलं नाही त्याला. तूच पाय ठेवून बसलीस. उतारावर गिअरने उतरायचं असतं."

हे खरं होतं. पण बाईंना वाटलं, जी गाडी एकाच माणसाच्या पद्धतीने चालवली तरच थांबते, ती मुळात थांबतच नाही.

गॅरेजवाल्याला सगळे 'पाना' म्हणत, कारण तो लांब होता, सडपातळ होता आणि त्याचं तोंड कायम थोडं उघडं असे. त्याने चाक काढलं, आत बॅटरी मारली आणि च्‌ च्‌ केलं.

"काकू, कंपनीने ही गाडी पळवायला जीव ओतला आणि थांबवायला उरलंसुरलं लावलं. चाकामागची ही चकती, डिस्क, बघा, ताटलीएवढी. त्यात ब्रेक ऑइल जुनं. जुनं ऑइल पाणी धरतं, तापलं की त्याची वाफ होते, आणि वाफेवर पाय दिला तर पाय जातो, गाडी थांबत नाही."

"नुसतं ऑइल बदललं तर?"

"तर पुढच्या वेळी डोंगर उतराल. त्याच्या पुढच्या वेळचं सांगत नाही."

मग पान्याने सांगितलं, की या गाडीची एक थोरली बहीण होती, त्याच कंपनीची. तिच्या पुढच्या डिस्क परातीएवढ्या, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी आवळणारे चिमटे, म्हणजे कॅलिपर, दुप्पट ताकदीचे. डिस्क नव्या आणायच्या, कॅलिपर भंगारातून काढून आतलं सगळं रबर बदलायचं. बसतात?, तर बसतात. त्याने स्वतः बसवलेत?, तर नाही, पण बसतात.

"करा," बाई म्हणाल्या.

घरी सांगितलं तेव्हा अहो रेडिओ दुरुस्त करत होते. म्हणजे त्यावर थापट्या मारत होते.

"माझ्या गाडीला कवळी बसवणार?" ते म्हणाले. "इतकी वर्षं चालवली. एक ओरखडा नाही. गाडी थांबवायला ब्रेक लागत नाही, नजर लागते."

"आहे का?" बाईंनी विचारलं.

त्यांनी ते नेहमीच्याच आवाजात विचारलं होतं. अहोंचा हात रेडिओवर थांबला. बाईंना शब्द परत घ्यावेसे वाटले, पण माइकवरून एकदा गेलेली सूचना परत घ्यायची सोय नसते, फक्त दुरुस्ती करता येते. दुरुस्ती काय करावी ते सुचेना, तेव्हा त्यांनी अहोंच्या आवडीची बटाट्याची भाजी केली. अहो जेवले, पण त्या दिवशी ते रेडिओशीच बोलले.

गॅरेजात वेगळंच रामायण सुरू झालं. कॅलिपर छान बसले, पण त्यांच्यावर चाक बसेना. नखभर अडत होतं. म्हणून चाकं मोठी घ्यावी लागली. चाकं मोठी म्हणून टायर नवे. चिमटे मोठे म्हणून त्यांच्याकडे ऑइल ढकलणारा पंपही थोरल्या बहिणीचाच. पाना रोज फोन करून एक नवी बातमी देई आणि बाई चौकशी खिडकीत बसून "बरं" म्हणत.

"नाकापेक्षा मोती जड," अहो म्हणाले.

"नाकही काही लहान नाहीये," बाई म्हणाल्या. नक्की कोणाचं, ते अहोंनी विचारलं नाही.

स्टेपनी तेवढी जुनीच राहिली, आणि ती पुढे बसणार नव्हती. पान्याने ते समजावून सांगितलं. बाईंनी ते तिथेच म्हणून दाखवलं, "पुढचे चाक पंक्चर झाल्यास मागचे चाक पुढे येईल व स्टेपनी मागे जाईल." गॅरेजातल्या एका गिऱ्हाइकाने सवयीने घड्याळ पाहिलं.

गाडी तयार झाली त्या दिवशी अहोही काठी टेकत गॅरेजात आले. सहज, म्हणाले, या बाजूला आलो होतो. त्या बाजूला गॅरेज आणि एक बंद पडलेली गिरणी, याखेरीज काही नव्हतं. पान्याने त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. पुढच्या चाकापाशी उकिडवे झाले आणि चाकाच्या आऱ्यांमधून हात घालून नवा कॅलिपर चाचपू लागले. घोड्याचे दात बघावेत तसं बराच वेळ चाचपलं.

"मोठा आहे," एवढंच म्हणाले.

"आता चिमट्यातले पॅड बसवायचे," पाना म्हणाला.

"बसवले नाहीत?" बाईंनी विचारलं.

"लावलेत. पण घासून डिस्कवर नीट बसायला हवेत. गाडी ऐंशीला न्यायची, करकचून दाबायचं, पण पूर्ण थांबायचं नाही. लगेच पुन्हा ऐंशी. असं सात-आठ वेळा. मग न थांबता गार होऊ द्यायची. हे केलं नाही तर एवढं केलेलं पाण्यात."

"मी ऐंशीला जात नाही."

"काही हरकत नाही, मी नेतो."

"माझ्या गाडीला परक्याने ऐंशीला न्यायचं नाही," खालून अहो म्हणाले.

तेव्हा प्रश्न मिटला.

बसस्थानकाच्या मागे डेपोचा लांबलचक सरळ रस्ता होता. दुरुस्त झालेल्या बस तिथे चालवून बघत. बाईंनी व्यवस्थापकांची परवानगी काढली. सुट्टीच्या दुपारी रस्ता मोकळा होता. भिंतीकडेला मात्र पान्याच्या शेजारी डेपोतले ड्रायव्हर ओळीने उभे होते. चौकशीच्या बाई गाडी पळवणार, ही बातमी कोणीही माइकवर न सांगता सगळीकडे पोचली होती.

"दुसरा," अहो म्हणाले. "आता पाय दे. आणखी दे. भिऊ नको, ती ओरडत नाहीये, गातेय. आता तिसरा. दे पाय!"

गाडीने नाक वर केलं आणि निघाली. भिंत, ड्रायव्हर, उभ्या बस, सगळं एका पट्ट्यासारखं बाजूने ओढलं गेलं.

"ऐंशी," त्यांनी घोषणा केली.

"दाब!"

बाईंनी दाबलं. अहोंचा काळा चष्मा नाकावरून उडून समोरच्या काचेवर आपटला, बाईंची पर्स मागच्या सीटवरून पुढे आली, आणि गाडी जागच्या जागी खिळली. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. पान्याने कपाळाला हात लावला, कारण पूर्ण थांबायचं नव्हतं.

"पुन्हा," अहो म्हणाले.

दुसऱ्यांदा बरं झालं. तिसऱ्यांदा बाईंना पाय कुठे सैल सोडायचा ते कळलं. पाचव्यांदा त्यांच्या लक्षात आलं, की आपण मघापासून श्वास घेतोय. पुढच्या चाकांतून धूर यायला लागला, पण पान्याने लांबून हात हलवला, की येऊ दे. बाईंनी तिरप्या नजरेने शेजारी पाहिलं. अहोंनी डोळे मिटले होते, काच खाली करून एक हात वाऱ्यात सोडला होता, आणि पायांची घडी घातली होती.

पान्याने 'पुरे'ची खूण केली.

"पुरे म्हणतोय," बाई म्हणाल्या.

"मला दिसलं नाही," अहो म्हणाले. "आणखी एकदा कर."

त्यांनी आणखी दोनदा केलं.

त्यानंतर सायकलवाल्यांच्या घंट्या बंद झाल्या. बाई काही वेड्यावाकड्या पळवत नसत, पण बाकीचं जग ज्या वेगाने चाललं होतं, त्या वेगाने त्या आता चालत. उतारावर त्या गिअरही वापरत, कारण ते म्हणणं बरोबर होतं आणि ते बरोबर असल्याचं त्यांनी अहोंना सांगितलं नव्हतं.

लेकीकडे पुन्हा गेले तेव्हा परतीच्या वाटेवर, डोंगर संपून रस्ता सपाट झाला तिथे, पुढे सामान भरलेला एक ट्रक चालला होता. त्याचा दोर सुटला आणि एक आरशाचं लाकडी कपाट मागच्या बाजूने घसरून रस्त्यावर आलं. पडलं नाही. उभंच उतरलं, डुललं आणि स्थिर झालं. बाईंना आरशात एक हिरवी गाडी आपल्याच अंगावर येताना दिसली. त्यांनी दाबलं. गाडी सरळ रेषेत, जराही न घसरता थांबली.

"काय झालं?" अहोंनी विचारलं.

"कपाट."

"कुठे?"

"समोर. उभं आहे."

"किती लांब?"

"हातभर."

अहो समाधानाने काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागून पावाच्या व्हॅनने त्यांना धडक दिली. कारण व्हॅनला तिचे जुनेच ब्रेक होते. गाडी पुढे सरकली आणि हातभरातली वीतभर जागा उरली. आरसा फुटला नाही.

व्हॅनवाला तावातावाने उतरला. "असं एकदम कोण थांबतं?"

अहो दार उघडून, काठी टेकत, छाती काढून उभे राहिले. "आम्ही," ते म्हणाले.

व्हॅनवाल्याने पुढे येऊन कपाट पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि ट्रकवाल्यांसोबत ते उचलू लागला. अहोंनी वाकून एक बाजू धरली. दिसत नव्हतं, पण वजनाचा अंदाज त्यांचा पक्का होता, आणि त्यांनी तो सगळ्यांना सांगितला.

हिरव्या गाडीची डिकी मात्र चेपून आत गेली. तिचं तोंड मिटेना. ट्रकवाल्यांच्याच दोराने ती बांधून दोघं घरी आले. लेकीचा फोन आला. "आता तरी विका ती गाडी," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "तुझं म्हणणं वडिलांना सांगते," आणि सांगितलं नाही.

पान्याने डिकीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि ती ठोकून सरळ होईल, पण मागचा दिवा मिळणं अवघड आहे, असं सांगितलं.

"दिव्याचं बघू," अहो म्हणाले. "मला एक सांग, मागचे ब्रेक?"

"चांगले आहेत की."

"चांगले आहेत ते मलाही माहीत आहे. थोरल्या बहिणीचे मागचे मिळतात का?"

पान्याचं तोंड होतं त्याहून थोडं जास्त उघडलं. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई दोराची गाठ सोडवत होत्या.

"आधी डिकी," त्या म्हणाल्या.