दाराजवळची उघडी तार

सदर इसम तारतंत्री या पदावर कायम असून बांधा मध्यम, दृष्टी चांगली, व्यसन फक्त चहाचे. घरगुती ग्राहकांच्या उघड्या पडलेल्या पुरवठा-तारा निर्धोक करणे हे त्याचे विहित कर्तव्य होय. चालू तारेस तो कोणत्याही परिस्थितीत उघडा हात लावत नाही. तपासणीत जे आढळत नाही ते अस्तित्वात नाही, असे त्याचे मत असून ते वरिष्ठांसही मान्य आहे.

कचेरीत त्याला बंदशेठ म्हणत. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी बंद करा." मग घरात पंखा चालू असो की भांडण.

त्या दुपारची तक्रार त्याच्याच वहिनींच्या घरून आली. थोरला भाऊ, दादा, लाइनमन होता. उभा जन्म खांबांवर काढला आणि शेवटी साध्या न्यूमोनियाने अंथरुणात गेला. तेव्हापासून वहिनी दोन खोल्यांत एकट्याच. तक्रार मात्र त्यांची नव्हती, रंगाऱ्याची होती. तो जिन्यात बसून स्वतःची बोटं मोजत होता.

"शेठ, तार चावली मला! भिंतीवरून ओला फडका फिरवला आणि थेट शिडीखाली."

"परक्याला चावते ती," वहिनी आतून म्हणाल्या. "भाऊजी, या. चहा टाकलाय."

तार खांबावरून येऊन, स्वयंपाकघराच्या खिडकीवरून आत शिरून भिंतीभिंतीने मीटरकडे जात होती. मीटरच्या अलीकडची तार. घरातलं कुठलंही बटण दाबा, ती बंद होत नाही. दाराजवळ, डोक्याच्या उंचीवर, तिचं आवरण गेलं होतं. उंदीर, असं बंदशेठने गृहीत धरलं. जवळ गेल्यावर मत बदललं. उंदरांना इतकं नीटनेटकं काम जमत नाही. कडा सरळ कापलेल्या होत्या, आणि मधलं तांबं, हाताच्या रुंदीएवढं, रोजच्या वापरातल्या भांड्यासारखं लखलखत होतं. खाली लाकडी स्टूल. त्यावर दोन पावलांपुरतंच पॉलिश उडालेलं.

टेस्टर टेकवताच त्यातला दिवा भक्कन पेटला.

"वहिनी, हे कुणी सोललं?"

"तुमच्या दादांनी. लग्न झालं त्या वर्षी. मी विजेला फार भ्यायचे. म्हणाले, कोरड्या लाकडावर उभी राहा, एक हात पाठीमागे, दुसऱ्याची मागची बाजू हळूच टेकव. मुंग्या आल्या. म्हणाले, बघ, माझा हात असाच लागतो की नाही?" वहिनींनी साखर ढवळली. "लागायचा हो. अगदी तस्साच."

"आणि तुम्ही अजून..."

"रोज. अंघोळ झाली की."

"ओल्या अंगाने?"

"अंग पुसते. केस तेवढे ओले असतात."

"वहिनी, एक दिवस केसांतलं पाणी स्टुलावर निथळेल, आणि मग?"

"मग काय? भेटतील." चहात साखर कमी पडली असं सांगावं, त्या सुरात त्या म्हणाल्या.

"मी उद्या येतो!" जिन्यातून रंगारी ओरडला. पावलं उतरत गेली. "उद्या नाही, पुढच्या महिन्यात!"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. या घरात वहिनींपुढे दादाचंही काही चालत नसे. बंदशेठने खांबावरचा फ्यूज काढला, बाहेरच्या भिंतीवर पाइप ठोकून त्यातून नवी तार थेट मीटरपर्यंत आणली आणि जुनी ओढून काढायला घेतली. तो दाराजवळ आल्यावर वहिनी तारेकडे पाठ करून आडव्या उभ्या राहिल्या.

"एवढी राहू द्या."

त्याने राहू दिली. एक टोक कपाटामागे कापलं, दुसरं चौकटीमागे. तो तुकडा आता कशालाच जोडलेला नव्हता. हे त्याने वहिनींना सांगितलं नाही. मुंग्या आल्या नाहीत तर ही बाई सुरी घेऊन नव्या तारेपाशी जाणार, हे मात्र त्याला स्वच्छ दिसत होतं. त्या धास्तीने त्याला धड झोप लागेना.

काही दिवसांनी तो पुन्हा गेला. नव्या पाइपवर ओरखडाही नव्हता.

"सगळं ठीक ना, वहिनी?"

"उत्तम. आता हात जरा उबदार लागतो," म्हणून त्या दूध आणायला खाली गेल्या.

बंदशेठने तुकड्याला टेस्टर टेकवला. काळोख. दुसरा टेकवला, तोही तसाच. कपाट सरकवलं, चौकटीमागे बॅटरी मारली. दोन्ही टोकं हवेत. मनाचे खेळ, त्याने ठरवलं. एकटं माणूस काय, भिंतीशीही बोलतं. तांबं मात्र पूर्वीपेक्षा चकचकीत होतं.

त्याने स्टूल कोरडं पुसलं. वर चढला. एक हात पाठीमागे घेतला आणि दुसऱ्याची मागची बाजू तारेला टेकवली.

मुंग्या मनगटापर्यंत आल्या. मग बोटांभोवती एक दाब आवळत गेला, खरबरीत, कोमट. लहानपणी रस्ता ओलांडताना दादा त्याचा हात धरायचा, असाच, गरजेपेक्षा जरा घट्ट. बंदशेठने हात ओढला. तो लगेच सुटला नाही.

जिन्यात वहिनींची पावलं वाजली तेव्हा तो खाली उतरून बसला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. आणि दूध तापत ठेवलं.

आता तो दर रविवारी सकाळी वहिनींकडे जातो, आणि वहिनी थोडा वेळ बाहेरच्या खोलीत जाऊन बसतात.